कोरड्या डांबरावरचा पराक्रम

चुडाव्याची काळी माती पावसाळ्यात ट्रॅक्टरलाही सोडत नाही; फोर बाय फोरचं खरं काम तिथं. पण आमचे थारवाले दादा लिव्हर ‘फोर-एच’वर टाकतात ते कोरडंठाक डांबर बघून, तेही रसवंतीपुढं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि या गिअरात दोन्ही अ‍ॅक्सल एकाच वेगाला जखडलेले. मग गाडी आचके देते, टायर घासतात, ट्रान्सफर केसवर ताण येतो. दादांना वाटतं, ताकद बोलतेय! शेताची वाट चिखलली की मात्र थार अंगणात; खराब होते ना! दादा, कोरड्या सडकेवर ‘टू-एच’च ठेवा. गॅरेजचं बिल सोयाबीनच्या भावात बसत नाही.