मुरमांवर सोन्याचा वर्ख

खुर्चीत मान मागे टाकली की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘मॅडम, तुमची स्किन खूपच ऑइली आहे हो!’ घरचा आरसा हेच रोज सांगतो, तेही फुकट. दुसरं वाक्यही ठरलेलं. ‘पोट साफ होतं ना?’

निदान संपलं. आता दरपत्रक.

फ्रूट, पर्ल, गोल्ड, डायमंड. मंडईत सुरू होऊन सराफकट्ट्यावर संपणारी यादी. तक्रार मुरमांची आणि उपाय कॅरेटमध्ये. सोन्याने मुरूम जात असते, तर सराफाच्या घरात कुणाला पुटकुळी आलीच नसती.

सप्टेंबर 2025 मध्ये पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तुमचं गोल्ड फेशियल किती स्वस्त झालं? विचारून बघा. ‘मॅडम, सोनं केवढं महागलंय!’

मग मसाज. तेलकट चेहऱ्यावर चिकट क्रीम ओतायचं आणि चोळत राहायचं. लाल, ठणकणाऱ्या पुटकुळ्यांवरूनही बोटं गोल गोल फिरणार. ते क्रीम काढायला स्क्रब. स्क्रबने हुळहुळलेली कातडी शांत करायला पॅक. तेल घालायचे पैसे वेगळे, तेल काढायचे वेगळे.

वाफ कशाला? ‘पोअर्स उघडतात.’ शेवटी बर्फ कशाला? ‘पोअर्स बंद होतात.’ रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात, हे त्या रंध्रांना अजून कुणी सांगितलेलं नाही. वाफेने तेलाचं बूच जरा मऊ पडतं, एवढंच. पण ‘जरा मऊ पडतं’ला पैसे कोण देणार?

आता खरा सोहळा. टोकाला बारीक कडी असलेली ती स्टीलची काडी नाकपुडीच्या कडेला रुतते, डोळ्यांतून पाणी येतं आणि टिश्यूपेपर नाकासमोर धरला जातो. ‘बघा, किती घाण निघाली!’ आपणही वाकून, भक्तिभावाने बघतो.

ती घाण नसते. तेल आणि मृत पेशी यांचं ते बूच. हवा लागून आणि कातडीतल्याच रंगद्रव्यामुळे त्याचं तोंड काळं दिसतं. नाकावरचे करडे ठिपके तर बरेचदा ब्लॅकहेडही नसतात. तेल बाहेर यायच्या त्या वाटा. कितीही पिळा, साधारण महिनाभरात पुन्हा भरतात.

पार्लरची पुढची तारीखही महिन्याभराचीच असते. योगायोग!

मुरमांचा कारभार चालतो कातडीच्या आत. अँड्रोजन नावाची हार्मोन्स तैलग्रंथींना कामाला लावतात, रंध्राचं तोंड बुजतं, आत जिवाणू माजतात, सूज येते. यात काकडीची चकती नेमकी कुठे बसते? डोळ्यांवर. म्हणजे पुढचं काही दिसायला नको.

शंकेखोरांसाठी जांभळी कांडी ठेवलेली असते. काचेची, विजेवर चालणारी, गालाला लागली की चर्रर्र करणारी. उग्र वास सुटतो, गिऱ्हाईक दचकतं आणि विज्ञानावरचा विश्वास दृढ होतो.

ज्यांना पार्लर कमीपणाचं वाटतं, त्यांच्यासाठी क्लिनिक आहेच. तीच खुर्ची, तोच टॉवेल. फक्त अंगात पांढरा कोट. इथे फेशियलला ‘मेडी-फेशियल’ म्हणतात आणि ते एकटं मिळत नाही, पॅकेजमध्येच मिळतं.

सगळंच थोतांड आहे का? नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात शिरतं. जाणत्या डॉक्टरने अशा अ‍ॅसिडने केलेल्या पीलचा काहींना चांगला उपयोग होतो. अजाणत्या हाताने केला, तर आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर काळे डाग उठतात. पुटकुळी आठवड्यात जाते, डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. त्यावर उपाय? अर्थातच, डागांचं फेशियल!

खरा इलाज इतका कंटाळवाणा आहे की त्याची जाहिरात करावी तरी कशी? बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापलीन, अशी जिभेला गाठ पाडणारी नावं. रात्री चिमूटभर लावायचं आणि आठ ते बारा आठवडे थांबायचं. बासरी नाही, सुगंधी मेणबत्ती नाही. पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, आईची बोलणी खावी लागतात. फेशियलच्या एका बैठकीहून ट्यूब स्वस्त पडते, म्हणून तिच्यावर विश्वासही बसत नाही.

पण बारा आठवडे आहेत कुणाकडे? लग्न येत्या रविवारी. म्हणून बुधवारी ब्लीच, गुरुवारी फेशियल आणि शनिवारी हळदीच्या आधी हनुवटीवर तीन टपोरे पाहुणे. निमंत्रणाशिवाय. मावशी समजूत घालते, ‘लग्नानंतर जातात गं आपोआप.’ मावशीला दोन मुलं आहेत आणि मुरमंही.

या घाईवरच टपून असते ती ‘ग्लो’ची जादुई ट्यूब. कुणी मैत्रिणीने सुचवलेली, कुणी पार्लरमधून आणलेली. चार दिवसांत चेहरा लख्ख. का नाही होणार? आत स्टेरॉइड असतं. सूज दबते, रंग उजळतो, मैत्रिणी नाव विचारतात. पुढे कातडी पातळ होते, लाली चढते, मुरमं दुपटीने उसळतात. थांबवावं तर आग आग. म्हणून पुन्हा तीच ट्यूब.

या प्रकाराविरुद्ध त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं बोंब मारली. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा चोख. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने तो वाचलाही असेल.

तुम्ही नाव सांगायचा अवकाश, तो एकच प्रश्न विचारतो.

‘छोटी देऊ की मोठी?’