नाव सोनूबाई, वजन आठ किलो

(रंगमंचावर टेबल. त्यावर चांदी तोलायचा काटा, एक कानस आणि रेतीची बादली. बादलीला हळदकुंकू लावलेलं. काका येतात. आधी बादलीला नमस्कार करतात, मग प्रेक्षकांना.)

नमस्कार मंडळी. बादलीला आधी का, ते कळेल. घाई करू नका.

आम्ही जबलपूरचे मराठी. सराफ्यात राहतो. म्हणजे चारी बाजूंना सोनं, आणि मधे आम्ही, पेन्शनवर. जवळच कमानिया गेट. १९३९ ला त्रिपुरीची काँग्रेस झाली, त्याची आठवण. तेव्हा अध्यक्ष सुभाषबाबू तापाने आडवे पडलेले. मग त्यांच्या फोटोची मिरवणूक काढली. किती हत्तींची? ५२! फोटोसाठी ५२ हत्ती! तेव्हापासून आमच्या गावात कुठलंही काम बेताने करायची पद्धत नाही.

तर पुतणी. इंजिनिअरिंगला आहे. एक दिवस म्हणाली, "काका, ओसरी द्या. रोबोट करायचाय." मला वाटलं, चहाबिहा आणून देणारा असेल. म्हटलं, कर. म्हणाली, "मारामारीचा." अगं, घरात माणसं कमी पडली का?

तिने समजावून सांगितलं. जाड पारदर्शक प्लास्टिकचा पिंजरा. आत दोन रोबोट. बाहेर रिमोट घेऊन दोन पोरं. ३ मिनिटं. एकमेकांना फोडायचं. जो हलेनासा झाला त्याच्यावर १० आकडे मोजायचे आणि घरी पाठवायचा. म्हटलं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली? तर अमेरिकेत मार्क थॉर्प म्हणून एक गृहस्थ. सिनेमासाठी मॉडेलं बनवणारे. त्यांनी १९९२ च्या सुमाराला घर झाडायला म्हणून रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर करायला घेतला. तो काही जमला नाही. मग १९९४ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी यंत्रांच्या मारामारीचे सामने भरवले!

हे ऐकून माझी आई म्हणाली, "बघ. केर काढायला सांगितलं की पुरुष काय काय शोधून काढतात."

नावही आईनेच ठेवलं. ओसरीवर भंगारातला पत्रा, स्कूटरचं बेअरिंग, कुठल्याशा यंत्राची मोटर. आई बघून म्हणाली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." झालं! पुतणीने टोपणावर रंगाने लिहूनच टाकलं. सोनूबाई.

पहिली सोनूबाई म्हणजे नुसता उतरता पत्रा. समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं आणि ढकलायचं. गल्लीत चाचणी झाली. सोनूबाई एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरखाली शिरली आणि तिथेच राहिली. समोरचे सोनारचाचा दुकानातून ओरडले, "काय बड्डे, जो का बन रओ?" मी सांगितलं, लढाईचं यंत्र. चाचा म्हणाले, "लड़ तो नईं रओ, छुप रओ है."

पुतणीला लागलं ते. म्हणाली, ड्रम बसवणार. म्हणजे पुढे पोलादाचा भरीव रूळ, त्याला दोन दात, आणि तो उभा गरागरा फिरणार. आता इथे माझी एन्ट्री. मी कुठला? गन कॅरेज फॅक्टरीचा! १९०४ ची फॅक्टरी. तिथे मी इन्स्पेक्शनला होतो. इन्स्पेक्शन म्हणजे काय? दुसऱ्याने केलेली वस्तू उचलायची, उजेडात धरायची (धरतात) आणि मान हलवायची. (नकारार्थी हलवतात) तीस वर्षं. मानेला पट्टा लागला.

मी माझे रिटायर्ड मित्र बोलावले. ओसरीवर बैठक. आमच्या धनुष तोफेचे पहिले सहा नग २०१९ ला सैन्याच्या हवाली झाले, ती १५५ मिलिमीटरची तोफ, मारा ३८ किलोमीटर. आणि ही आमची कारटी, मारा चार बोटं. पण मंडळींचा उत्साह बघा! एकाने विचारलं, "ड्रॉइंग कुठाय?" दुसरा म्हणाला, "टॉलरन्स किती?" तिसरा म्हणाला, "टेंडर निघालं का?"

पुतणीने शांतपणे गणित मांडलं. ड्रमचा वेग दुप्पट केला की फटक्याची ताकद दुप्पट नाही, चौपट. चौपट म्हटल्यावर म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. सगळे म्हणाले, वाढव वेग! वाढवला. आणि सोनूबाई वळायला गेली की एक चाक उचलायला लागली. हवेत! कारण जोरात फिरणारी वस्तू आपला आस सोडायला तयार नसते. डावीकडे वळवा, ती तिसरीकडेच कलते. आई म्हणाली, "गुणाची आहे गं, सासरी टिकायची नाही."

मग दात. पहिले दात मऊ होते, विटेला लागले आणि वाकले. दुसरे कडक होते, पण जागेवर बसेनात, घासायला हवे होते, आणि कानस नुसती घसरायची. सोनारचाचा म्हणाले, "ला बेटा, नरम कर देता हूँ." पन्नास वर्षांचा हात हो! दात लाल केले, पाण्यात टाकले. चुर्रर्र! "ले, मक्खन." आता गंमत अशी, की दागिन्याचं सोनं लाल करून पाण्यात टाकलं की नरम पडतं. पोलादाचं बरोब्बर उलटं. ते अजून कडक झालं. हातोडी लागली आणि एक दात टिचून थेट चाचांच्या गल्ल्यात. चाचा म्हणाले, "पहली बार कोई सराफे में लोहा जमा कर गओ."

पोलादाला पाणी दिलं की परत हलकं तापवावं लागतं, म्हणजे ठिसूळपणा जातो. पुतणीने नवे दात केकच्या ओव्हनमध्ये ठेवले. २०० अंश. दोन तास. अंगावर फिकट पिवळा रंग चढेपर्यंत. आई दर दहा मिनिटांनी काचेतून बघायची. "टोचून बघू का गं?"

आणि ही बादली. सोनूबाईची बॅटरी लिथियमची, सहा सेलची, पूर्ण भरली की २५.२ व्होल्ट. तिला भोक पडलं तर ती पेटू शकते, आणि सहज आटोपत नाही. म्हणून चार्ज करताना शेजारी रेती. रेती कुठली? नर्मदेची! आईला एवढंच ऐकू आलं. नर्मदामैया घरात, बादलीत! हळदकुंकू, फूल, उदबत्ती. मी म्हटलं, आई, पेटत्या उदबत्त्या बॅटरीशेजारी नको. म्हणाली, "मैया बघून घेईल."

मग आला वजनाचा प्रश्न. गट ८ किलोचा. एक ग्रॅम वर चालत नाही. चाचांच्या या काट्यावर ठेवली. (काटा थोपटतात) ८ किलो ४१ ग्रॅम. चाचा क्षणात म्हणाले, "साढ़े तीन तोला ज्यादा." सराफ्यात जादा वजनाचं दुःख पहिल्यांदाच झालं हो! आणि नेमकी तेव्हा आई चांदीचा ताईत घेऊन आली. "हिला बांध. दृष्ट लागते." पुतणी म्हणाली, "आजी, १८ ग्रॅम आहे." आई म्हणाली, "अगं, देवाचं वजन धरत नाहीत." पुतणी म्हणाली, "पंच धरतात." आई दोन दिवस बोलली नाही.

मग काटछाट. पत्र्याला भोकं पाडली. स्क्रू आखूड केले. वायरी इंच इंच कापल्या. मित्रांना विचारलं, काय कमी करू? फॅक्टरीतली माणसं! कमी करणं ठाऊकच नाही. एकाने अजून एक पट्टी सुचवली. शेवटी टोपणावरचा रंग खरवडला. नाव गेलं, वजन बसलं. ७ किलो ९९९.

सकाळी दारात नियारिया. म्हणजे सराफ्यातली धूळ, नालीतला गाळ चाळून सोन्याचे कण काढणारा. आमच्या दारातला चमचमता कीस बघून त्याचा चेहरा खुलला. घमेलं भरलं. लोखंडाचे कण बाजूला करायला चुंबक फिरवला. सगळंच्या सगळं चुंबकाला! रिकाम्या घमेल्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी, धंधा बदल लिया क्या?"

सामना. मोठे सामने आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये होतात. आम्ही गेलो जवळच्याच एका कॉलेजात. समोर आडवं पातं फिरवणारा धटिंगण. घंटा झाली. सोनूबाईने पहिलाच फटका असा दिला की तो पिंजऱ्याच्या छताला लागून खाली आला! मी उभा राहिलो. तीस वर्षांत पहिल्यांदा मान होकारार्थी हलवली. (हलवायला जातात, कळ येते) आणि तेवढ्यात त्याचं पातं आमच्या चाकाला. चाक गेलं. ड्रमचा पट्टा गेला. अर्धा पत्रा गेला. आणि उरलेली सोनूबाई जागच्या जागी गोल गोल. मग तेही थांबलं. एक, दोन, तीन... माझा मित्र पंचांना ओरडला, "मोजणी कॅलिब्रेट केली आहे का?"

दहा.

मी पुतणीचे डोळे पुसायला रुमाल काढला. ती वहीत लिहीत होती. "काका, चाकं आत घ्यायची. ड्रम जाड करायचा. पट्टा झाकायचा." रुमाल मीच वापरला.

घरी आलो. पोतडी चाचांच्या काट्यावर. ७ किलो ३१२. चाचा हळहळून चुकचुकले. "घट बहुत गई. मोड में डाल दें?" पुतणी म्हणाली, "नाही चाचा, नवी घडवायची."

आई आतून म्हणाली, "वजन किती म्हणालात?"

"सात तीनशे बारा."

आई ताईत घेऊन बाहेर आली. "आता जागा आहे ना? बांध."

(प्रकाश जातो.)