एबीएस बोलेना

पावसाळा लागला की आमच्या गाडीच्या अंगात येतं. यंदा डॅशबोर्डवर एकदम चार दिवे पेटले, स्टिअरिंग जड झालं आणि गाडी फ्लायओव्हरवरून पळत असताना स्पीडचा काटा शून्यावर निवांत बसला. मागून आईने वाकून मीटर पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं, थांबलास."

गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला 'यू ०१२१', म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. "मॉड्यूल गेलं साहेब, नवीन टाकू." किंमत ऐकून माझाही जगाशी संपर्क तुटला.

खरं तर हा कोड चोराचं नाव सांगतच नाही. अमुक जण बोलत नाही, एवढी बाकीच्यांची तक्रार असते. पण जो गैरहजर, त्याच्यावर ठराव पास! बॉशने १९८६ साली जगापुढे आणलेली ही 'कॅन' व्यवस्था म्हणजे हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभाच. पीळ घातलेल्या दोन वायरींवर सगळी मॉड्यूलं बोलणार. दोघांनी एकदम तोंड उघडलं, तर ज्याच्या निरोपाचा नंबर लहान तो बोलतो, दुसरा मुकाट थांबतो. आणि सारखा चुकणारा? त्याच्या चुकांचं खातं २५५ च्या वर गेलं की तो आपणहून गप्प बसतो. (हे कलम आमच्या उपविधींत घालायला मी एका पायावर तयार आहे.)

शेवटी नाक्यावरच्या वायरिंगवाल्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं आणि चहा मागवला. "आधी सगळ्यांना झोपू द्या." मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटात ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मीटर टेकवला. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मिळून ६० दिसायला हवेत. दिसले १२०.

"एक टोक सुटलंय."

आमच्या गाडीत ते टोक एबीएसच्याच पोटात. मिस्त्रींनी बॉनेट उघडून त्याचा कपलर ओढला. आत पाणी, आणि नेमक्या कॅनच्या दोन पिनांवर हिरवा थर. ज्यांचं बोलणं दोन व्होल्टांच्या फरकावर चालतं, त्यांना तेवढा पुरतो. वेगाची खबर एबीएसकडून यायची. तीच अडकल्यावर काटा आणि स्टिअरिंग तरी काय करणार? नवीन मॉड्यूलही याच कपलरात बसलं असतं आणि तितकंच मुकं राहिलं असतं, फक्त वॉरंटीसकट.

स्प्रे मारला, ब्रश फिरवला, बॅटरी जोडली. मी गाडी सुरू करून कोड पुसून घेतले. दिवे विझले, एक सोडून.

"मिस्त्री, हा अजून जळतोय!"

त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

"तो खरा आहे, साहेब. पट्टा लावा."