एक साहेब, तीन घंट्या

बडनेऱ्याच्या आमच्या हापिसात साहेब एक आणि घंट्या तीन. फोन आला की टेबलावरचा आयपी फोन वाजतो, लॅपटॉपवर टीम्स कोकलतं, खिशात मोबाइल थरथरतो. साहेब तिघांकडे आळीपाळीनं बघतात, तोवर पलीकडचा कंटाळून ठेवून देतो. शेवटी शिपाई दारातून ओरडतो, "साहेब, अमरावतीचा फोन वाजून रायला, उचला ना!" सगळे फोन एकत्र जोडणारं युनिफाइड कम्युनिकेशन म्हणतात ते हेच, एकीकरण झालंय ते शिपायाच्या गळ्यात.

टेबलावरचा हा आयपी फोन आधी स्काइप फॉर बिझनेसच्या घरात दिला होता. मायक्रोसॉफ्टनं ३१ जुलै २०२१ ला त्याची ऑनलाइन सेवा गुंडाळली. नवरी ठणठणीत, सासरच बुडालं!

मे महिन्यात वीज गेली की खरी मजा. जुना काळा फोन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर जगायचा. गावभर अंधार, तरी डायल टोन हजर. नवा फोन नेटवर्कच्या केबलमधूनच वीज खातो. नेटवर्कचा स्विच झोपला की हाही झोपला. म्हणजे वीज गेल्याची तक्रार करायची, तर आधी वीज यावी लागते.

आणि टीम्सवर माणूस जागेवर आहे असं सांगणारा तो हिरवा ठिपका. आमच्या आयपी फोनची त्या ठिपक्याशी सोयरीक अजून जुळलेली नाही. त्यामुळे साहेब त्यावर अर्धा तास घसा फोडून बोलत असले, तरी माऊस हलत नाही म्हणून ठिपका पिवळा: साहेब जागेवर नाहीत. माऊस हलवत डुलक्या घेणारे आमचे बाबू मात्र सकाळपासून हिरवेगार.