बॅटरी बदला म्हणण्याआधी मीटर लावा

जुन्या मोटारसायकलचा हॉर्न वाजेनासा झाला किंवा इंडिकेटर पेटून तसाच थांबला की धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही गॅरेजवर एकच उत्तर मिळतं, "बॅटरी गेलीय काका, नवी टाका." कळंबला तेच, भूमला तेच, उमरग्याला हायवेच्या कडेच्या टपरीवरही तेच. गाडीला कुणी हात लावायच्या आधी हे उत्तर येतं, माझा राग त्याचा आहे. बॅटरी खरोखर गेलेलीही असेल. पण ती का गेली हे न बघता नवी बसवली तर तीही जाते, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच बाकड्यावर येऊन बसतं. खरीप हातातून गेलेल्या वर्षी बॅटरीचे हजार-बाराशे रुपये ही इथल्या घरात लहान रक्कम नसते.

तपासणीच्या नावाखाली जे होतं ते तर बघवत नाही. मिस्त्री साइड कव्हर काढतो, वायरचा एक तुकडा बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकवतो आणि स्पार्क बघतो. स्पार्क जोरात पडला तर "करंट आहे", बारीक पडला तर "बॅटरी बसली". ही तपासणी नाही, हा शॉर्ट आहे. शंभर सीसीच्या किकवाल्या गाडीत अडीच एएचची, म्हणजे ॲम्पियर-अवरची, एवढीशी बॅटरी असते. तिच्या आतल्या प्लेटांना असा झटका देणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं, आणि चार्जिंग होतंय की नाही हे त्यातून कळतच नाही. दुसरी पद्धत याहून वाईट आहे. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडतं का ते बघायचं. बॅटरी मध्ये नसली की व्होल्टेज एकदम चढतं. त्यात रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट, जळू शकतं, पेटलेले बल्बही उडू शकतात.

मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि काम पाच मिनिटांचं आहे. गाडी बंद असताना, तासभर उभी राहिल्यावर, बॅटरी चांगली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. बाराच्या आसपास आकडा असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. पूर्ण चार्ज करूनही साडेदहाच्या वर जात नसेल तर आतला एक सेल गेला, तेव्हा नवी बॅटरी घ्यावी, त्यात वाद नाही. मग गाडी चालू करून ॲक्सिलरेटर द्यायचा. आकडा १४ ते १४.५ पर्यंत चढला तर चार्जिंग ठीक आहे. बारावरच राहिला तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या पुढे गेला तर आरआर युनिट व्होल्टेज आवरत नाही, ॲसिड उकळतंय आणि नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत कोरडी पडणार. इंजिन बंद असतानाचा एक आणि चालू असतानाचा एक, असे दोन आकडे हाती आले की निम्मा निकाल तिथेच लागतो. हे दोन आकडे न घेता बॅटरी विकणं मला चुकीचं वाटतं.

हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ सालची, स्प्लेंडर १९९४ सालची. या घराण्यातल्या गाड्या आपल्या खेड्यापाड्यांत अजून चालतात आणि त्यांचं वायरिंग कोड्यात टाकणारं नाही. पांढरी वायर मॅग्नेटच्या कॉइल प्लेटवरून चार्जिंगचा एसी करंट आणते, पिवळी हेडलाइटचा. हिरवी अर्थची. आरआर युनिटमधून लाल वायर बॅटरीला जाते. पांढऱ्या वायरवर एसी व्होल्ट मोजावेत. ॲक्सिलरेटर दिल्यावर ते चढले तर कॉइल जिवंत आहे आणि दोष पुढे, आरआर युनिटमध्ये किंवा कपलरमध्ये आहे. चढलेच नाहीत तर कॉइल बघायची. एवढं सरळ असताना आधी बॅटरी, मग आरआर, मग कॉइल प्लेट असा एकेक पार्ट गिऱ्हाइकाच्या पैशानं बदलत जायचं, आणि शेवटी दोष गंजलेल्या कपलरमध्ये निघायचा! जुना काढलेला पार्ट चांगला होता की नाही, हे तर कुणी सांगतच नाही.

हेडलाइटचा बल्ब वरचेवर उडत असेल तरी तेच होतं. नवा बल्ब, पुन्हा नवा बल्ब. पिवळ्या वायरवरचं व्होल्टेज आवरायचं कामही त्याच आरआर युनिटचं असतं आणि ते बिघडलं की गाडी पळवताच बल्ब उडतो. याचा विचार बल्ब विकणाऱ्याला करावासा वाटत नाही.

सगळ्यात चीड आणणारा दोष एक पैशाचाही नसतो. मागच्या ब्रेकच्या पायडलला स्प्रिंगनं जोडलेला एक स्विच असतो. त्याचा नट सरकला किंवा चालवणाऱ्याचा पाय पायडलवर टेकलेला राहिला तर ब्रेक लाइट सतत पेटलेला असतो. तो २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन ॲम्पियर खाणारा. अडीच एएचच्या बॅटरीला चार्जिंग मिळालं नाही तर तो तिला दीड तासाच्या आत झोपवतो. शेताच्या वाटेवर, काळ्या मातीच्या चाकोरीतून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालते तेव्हा इंजिन हळू फिरतं आणि चार्जिंग मिळून मिळून थोडंच मिळतं. अशा गाडीत रोज बॅटरी उतरणारच. नट दोन आटे फिरवायचं काम आहे. त्यासाठी एकदा मागं उभं राहून दिवा बघावा लागतो, आणि तेवढंच कुणी करत नाही.

ही कुरबूर पैशापुरती असती तर मी इतकं लिहिलं नसतं. या जुन्या गाड्यांत प्लगला लागणारा करंट बहुधा थेट मॅग्नेटवरून येतो, बॅटरीतून नाही. म्हणून बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी चालू होते. हेडलाइट आणि मागचा लाल दिवाही मॅग्नेटवरच पेटतात. बंद पडतात ते हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट. चालवणाऱ्याला मागं लाल दिवा दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मागून येणाऱ्याला मात्र पुढची गाडी थांबतेय हे कळायची काही सोय उरत नाही. सोलापूर-धुळे रस्ता तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा जातो आणि रात्रभर त्यावर मालट्रक असतात. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्यात भर घालतात आणि त्यांच्या मागं कित्येकदा रिफ्लेक्टरही नसतो. अशा रस्त्यावर, अंधारात, ब्रेक लाइट नसलेल्या गाडीवर बायको आणि पोर घेऊन माणसं जातात. "चालू होतीय की गाडी, काय बिघडलंय?" असं मला कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

नवरात्रात याची हद्द होते. तुळजापूरहून ज्योत घेऊन पोरं आपापल्या गावाकडं रात्रभर पळत जातात आणि त्यांच्या पुढंमागं मोटारसायकली असतात. पळणाऱ्या पायांच्या वेगानं गाडी चालवायची म्हणजे इंजिन जवळजवळ आयडलवर. हेडलाइट पिवळा पडतो, इंडिकेटर चालू ठेवलेले असतात, पाय सारखा ब्रेकवर. चार्जिंगपेक्षा खर्च जास्त होतो आणि मध्यरात्रीनंतर, जेव्हा दिव्याची खरी गरज असते, तेव्हा बॅटरी संपते. मागं पोरं पळत असतात. त्या रात्रीच्या आधी गाड्यांचं चार्जिंग तपासून घ्यावं, असं एखाद्या मंडळाच्या बैठकीत निघाल्याचं माझ्या कानावर अजून आलेलं नाही. डीजेच्या बॅटरीची मात्र चर्चा होते.

बाकीच्या कागाळ्या थोडक्यात सांगतो. नवी बॅटरी घेतली की दुकानात ॲसिड भरून दहा मिनिटांत गाडीत बसवतात. तिला आधी प्लेटा भिजायला अर्धा तास आणि मग मंद करंटवर, पाव ॲम्पियरच्या आसपास, काही तास चार्जिंग लागतं. ते न करता बसवलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धवट असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो, बॅटरीतलं पाणी आटतं आणि मग बोअरचं पाणी ओतलं जातं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते चुलीवरच्या भांड्याला विचारा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं असतं. फ्यूज उडाला की त्या जागी तांब्याची तार घालतात. मग पुढच्या शॉर्टला फ्यूज जळायच्या ऐवजी वायरिंग जळतं. मोबाइल चार्जर, जादा एलईडी, मोठा हॉर्न हे सगळं मूळ वायर सोलून, नुसता पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडलेलं असतं. मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, जूनमध्ये आत पाणी शिरतं.

अर्थ तर कुणी बघतच नाही. गाडीला रंग दिला की हिरव्या वायरच्या बोल्टखालीही रंग जातो आणि लोखंडाला लोखंड भिडत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनवर ठेवून हॉर्न दाबायचा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पॉलिश पेपरनं बोल्टची जागा घासायची.

एक गोष्ट मिस्त्र्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. बरेच जण लहानपणी उस्तादाच्या हाताखाली शिकले, उस्तादानं स्पार्क बघायला शिकवलं, मीटर कुणी हातात दिला नाही. आणि गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, तपासणीचे देत नाही. अर्धा तास खपून अर्थचा बोल्ट घासला तर "नुसतं घासलं, त्याचे कसले पैसे?" असं विचारणारी माणसंही आपल्यातलीच आहेत. पार्ट विकल्याशिवाय ज्याच्या घरी भाकरी जात नाही, त्यानं पार्ट विकला तर सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

म्हणून गाडी घेऊन जाल तेव्हा आधीच सांगा, "भाऊ, तपासायचे पैसे वेगळे देतो, पण मीटर लावून आकडा दाखव." बंद गाडीचा आणि चालू गाडीचा, दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. नंतर कुणाला तरी मागं उभं करून ब्रेक दाबा आणि दिवा पेटतो का, सोडल्यावर विझतो का, ते विचारा. बॅटरीचे पैसे खिशातून त्यानंतर काढा. आणि तुमच्या गावाची पोरं यंदा ज्योत आणायला जाणार असतील तर त्यांच्याबरोबरच्या गाड्यांचं एवढं काम घटस्थापनेच्या आधी करून घ्या.