तिस्तेचं पाणी आणि कलम २५३
परदेशाशी केलेला करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते, असं कलम २५३ सांगतं. राज्यांना विचारायची अट त्यात नाही. १९९४ साली जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही करताना शेती हा राज्यांचा विषय आहे, याची दिल्लीला फारशी अडचण वाटली नाही. २०११ मध्ये मात्र पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी पंतप्रधानांसोबतच्या ढाक्याच्या दौऱ्यातून ऐनवेळी अंग काढून घेतलं, तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा बांगलादेशाशी होऊ घातलेला करार बारगळला आणि केंद्राला संघराज्याचा उमाळा आला. पाणी राज्याचं, तेव्हा संमती हवीच, असं कुणी म्हणेल. मान्य, पण मग शेती काय केंद्राच्या परसात पिकते? फरक कलमात नव्हता, सरकारला टेकू देणाऱ्या ममतांच्या तृणमूल पक्षाच्या लोकसभेतल्या १९ जागांत होता. हा आकडा घटनेच्या कुठल्याही परिशिष्टात मात्र सापडत नाही.