मोजणीवाले आले!

भाची सध्या पाठीवर सॅक टाकून दक्षिण अमेरिका पालथी घालते आहे. ब्युनोस आयर्सला ‘९ जुलै’ नावाचा रस्ता आहे आणि तो एका सिग्नलमध्ये पार होत नाही, असं तिने कळवलं. वर सल्ला दिला, “मामा, शहर पायीच बघायचं असतं. तूही बघ तुझं पालघर.”

तारखेचा अभिमान आम्हालाही आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या स्मृतीचा आमचा पाचबत्ती चौक. तोही चटकन पार होत नाही. रुंदीमुळे नव्हे, रिक्षांमुळे. सल्ला मानून मीही पाठीवर सॅक टाकून तिथूनच निघालो.

“सातपाटी, सातपाटी! एकच सीट!”

“नको, चालत जातोय.”

रिक्षावाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज उतरवून म्हणाला, “काका, सुट्टे नसतील तर नंतर द्या.”

सातपाटी म्हणजे पापलेटचं माहेर. २०२३ साली पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. इतक्या मानाच्या माशाला भाव विचारणं मला शिष्टाचारात बसेना. होडीने खाडी ओलांडून मुरब्याला उतरलो. वाळूत पाय टेकतोय तोच जाळ्याशी बसलेल्या मावशींनी विचारलं, “बंदरवाले काय?”

“नाही मावशी, असाच फिरतोय.”

“तेही आधी असंच फिरायला आले होते.”

मावशींना दोष देण्यात अर्थ नाही. या पट्ट्यात बुलेट ट्रेन आली, मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग आला, द्रुतगती मार्ग आला, वर डहाणूकडे वाढवण आणि इथे खुद्द मुरब्याला प्रस्तावित बंदर. प्रत्येकाच्या आधी कुणीतरी सॅकवाला मोजणीला येऊन गेलेला. ब्युनोस आयर्समध्ये अनोळखी माणूस दिसला की लोक खिसा चाचपत असतील. आमच्याकडे सातबारा चाचपतात.

शेवटी सॅक उघडून दाखवली. पाण्याची बाटली, टॉवेल, चिवडा. एका आजोबांनी चिमूटभर चिवडा तोंडात टाकला, डोळ्यांत पाणी आणलं आणि निकाल दिला, “सोडा त्याला. साहेब लोक एवढं तिखट खात नाहीत.”

पुढे नांदगाव, आलेवाडी, नवापूर. सुरूची झाडं, वाळत घातलेले बोंबील आणि दर वळणावर तोच प्रश्न, “कुणाकडे आलात?” कुणाकडेच नाही, हे उत्तर इथे चालत नाही. दांडीपर्यंत मी एक काल्पनिक मावसभाऊ तयार केला. त्याचं लग्न कधी, हेही एकाने विचारलं.

उत्तरेला तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. १९६९ पासून वीज देणारं देशातलं पहिलं. इथे पर्यटकाने मोबाइल खिशात आणि नजर रस्त्यावर ठेवावी. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. मुरब्याच्या मावशींचा प्रश्न तिथे नीट कळतो. तारापूरचा किल्ला तर मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून लढून घेतला. तेव्हा निदान तोफा तरी वाजायच्या. आता नुसती नोटीस येते.

पास्थळवरून बोईसरला आलो आणि चमत्कार झाला. कुणी ढुंकूनही पाहीना! एमआयडीसीत पाळी सुटत होती आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर सॅक. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कुठून कुठून आलेले. हजार मैलांवरून येऊन दहा बाय दहाच्या खोलीत मुक्काम, सॅकेत डबा, गंधकाच्या वासावरून रस्ता ओळखायचा. जगभरच्या बॅकपॅकर मंडळींनी यांच्याकडे शिकवणीला यावं. फक्त हे फोटो टाकत नाहीत, पैसे टाकतात. गावाकडे, दर महिन्याला.

मी त्या गर्दीत बेमालूम मिसळून चाललो असताना एका गेटवर ठेकेदाराने हात धरला.

“नया है क्या? हेल्पर में जगह है. आधार लाया?”

आधार सॅकेतच होतं. पगार विचारून ठेवला आहे.